भाऊसाहेब निघाले

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी भाऊसाहेब उठले नाहीत आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांची गाडी चुकली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे भाऊसाहेबांच्या स्वप्नातही नव्हते. स्वप्न मात्र चालू होते, कारण ते रजई डोक्यावरून ओढून पडले होते. सारी उमर राजधानीतल्या वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती. आता जगातले सगळे तराजू खुशाल खोटे बोलोत, आपण उठायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला होता. बायकोने आदल्याच संध्याकाळी त्यांचा घोट्यापर्यंत येणारा ऑफिसचा कोट घडी घालून ट्रंकेत ठेवला होता. जेवणाचा डबाही तिने फळीवर पालथा घातला होता. हा डबा भाऊसाहेब रोज नेत आणि रोज खरकटा परत आणून मोरीत टाकत. तो घासता येतो, ही कल्पना त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती.

राजधानीच्या वेशीबाहेर, रेल्वेच्या आधाराने वाढलेले ते गाव. गावात काम असे कोणालाच नव्हते. सकाळी अख्खे गाव गाडीत बसून राजधानीला जाई आणि संध्याकाळी परत येई. मधल्या वेळात दारांना कुलपे, दोऱ्यांवर कपडे, आणि शांतता इतकी की एका बंद घरातला नळ ठिबकलेला समोरच्या बंद घराला ऐकू जावा. थंडीत रुळांपलीकडच्या नदीवरून धुके येई. मग तर शेजारच्या घराचा नुसता अंदाजच घ्यावा लागे.

अशा धुक्यात गल्लीला आधार होता तो भाऊसाहेबांचा. रोज ठरल्या वेळी त्यांच्या फाटकाची कडी वाजे. मग ते घसा खाकरत, आधी लहान, मग मोठे आणि शेवटी एक उगाचच. मग बाराही महिने हातात असलेल्या छत्रीचे टोक रस्त्यावर टकटक करत जाई. ती टकटक ऐकली की समोरच्या मास्तरीणबाई पावडरचा डबा खाली ठेवत, शेजारचा शिंपी उरलेला चहा एका घोटात संपवी, आणि पटापट दारे उघडून गल्ली त्यांच्या मागे स्टेशनाकडे चालू लागे. घड्याळाकडे कोणी बघत नसे. खरे तर भाऊसाहेबांकडेही कोणी बघत नसे. तोंडावर त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे भोंगा.

पहिल्या संध्याकाळी मास्तरीणबाई आणि शिंपी तक्रार घेऊनच घरात शिरले.

"भाऊसाहेब, बरं नाही का तुम्हाला?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"मस्त आहे. का हो?"

"मग आज निघाला नाहीत ते?"

"मी रिटायर झालो! परवा तुम्हीच निरोपाचं भाषण केलंत ना?"

"रिटायर ऑफिसातून झालात हो," शिंपी म्हणाला. "गल्लीतून थोडेच झालात! आमची सगळ्यांची गाडी चुकली. मालकानं मला दुकानाच्या दारात उभं केलं, गिऱ्हाइकांसमोर."

"आणि माझ्या वर्गात सगळ्यात लहान पोरगी माझ्या खुर्चीवर बसून हजेरी घेत होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मलाच गैरहजर लावलंन."

"घड्याळं नाहीत का तुमच्याकडे?"

"आहेत की! पण घड्याळाचं ऐकतं कोण? तुम्ही असं करा, फक्त कोपऱ्यापर्यंत यायचं. कडी वाजवायची, खाकरायचं, आणि परत येऊन खुशाल झोपायचं."

"म्हणजे मी काय भोंगा आहे?" भाऊसाहेब कडाडले.

शिंपी छताकडे बघू लागला. मास्तरीणबाईंना घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. आतल्या दारात उभी राहून भाऊसाहेबांची बायको हे सगळे ऐकत होती. भाऊसाहेब मात्र मनातून खूश झाले. नोकरीत कोणी त्यांची वाट बघितली नव्हती, आणि इथे एका दिवसात गल्ली अडून बसली होती. उद्याही उठायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी रजईच्या आत अर्धवट झोपेत त्यांना फाटकाची कडी वाजलेली ऐकू आली.

मग घसा खाकरला. आधी लहान, मग मोठा आणि शेवटी एक उगाचच.

"निघालात, भाऊसाहेब?" मास्तरीणबाईंचा आवाज आला. छत्रीची टकटक दूर जाऊ लागली. दारे उघडली, पावले वाजली आणि सगळी गल्ली धुक्यात विरून गेली.

भाऊसाहेबांनी रजईच्या आत स्वतःच्या मिशा चाचपून पाहिल्या. मिशा होत्या. पाय हलवून पाहिले, तेही होते. "अगं!" त्यांनी हाक मारली. उत्तर आले नाही. मग आठवले, बायको तिच्या बहिणीकडे गेली असणार. ताईचा पाय मुरगळला होता आणि रोज सकाळी तिच्याकडे स्वयंपाकाला जाऊन दुपारी परत येईन, असे ती रात्रीच म्हणाली होती. ताई म्हणजे भाऊसाहेबांची थोरली मेहुणी, रुळांच्या पलीकडे राहायची. एकदा भाऊसाहेबांनी तिच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा तपासून खोटा ठरवला होता, तेव्हापासून त्या घरी त्यांचे जाणे-येणे नव्हते. ते पुन्हा रजईत शिरले, पण झोप काही आली नाही.

संध्याकाळी मास्तरीणबाई फाटकाशी थांबल्या.

"उपकार झाले हो भाऊसाहेब. राग विसरलात."

"बाई, मी आज घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही."

"बरं, नाही टाकलंत," म्हणून त्या लहान मुलाची समजूत काढल्यासारख्या हसल्या आणि निघून गेल्या.

मग हे रोजचेच झाले. भाऊसाहेब रजईत आणि भाऊसाहेब रस्त्यात. स्टेशनवरचा तिकीट तपासनीस एकदा बाजारात भेटला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का? इतक्या वर्षांची ओळख, आणि आता रोज माझ्या नाकासमोर तिकीट धरता. तोंडातून शब्द नाही. मी कधी मागितलं तरी का?" भाऊसाहेब "नियम म्हणजे नियम" एवढेच पुटपुटले आणि घरी येऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिले.

त्यानंतर शिंपी छत्री घेऊन आला.

"गाडीत विसरलात."

छत्री त्यांचीच होती. मुठीवर त्यांनी स्वतः कोरलेली खूण होती. भाऊसाहेब जन्मात छत्री विसरले नव्हते.

"मी... कुठं होतो गाडीत?"

"हे काय विचारणं झालं? खिडकीशी. पूर्वी दाराजवळ कपाळाला आठ्या घालून उभे असायचात, ते आता बसता. मफलर नाकापर्यंत, टोपी भुवयांपर्यंत. पण डोळ्यांवरून कळतं ना, हसत होतात."

"मी हसत होतो?"

"बाहेर बघून. बाहेर तर नुसतं धुकं होतं," शिंपी म्हणाला आणि उगाचच आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "जपा हं भाऊसाहेब."

शिंपी गेल्यावर भाऊसाहेबांनी धीर करून ट्रंक उघडली. कोट घडी घालून जिथल्या तिथे होता. पण त्यांनी बाहीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बाही ओली होती. खिशात त्याच दिवसाचे तिकीट होते आणि लिंबाच्या गोळीचा चुरगळलेला कागद होता. भाऊसाहेब दातांपायी गोडाला शिवत नसत.

बायकोला सांगावे तर ती घाबरेल, असे त्यांना वाटले. आणि ती तर हल्ली इतकी आनंदात होती! भांडी विसळताना गुणगुणायची, दुपारी घरी आली की गाल लाल झालेले असायचे. बहिणीची सेवा तिला मानवत होती. तिच्या आनंदात विरजण कशाला घाला, म्हणून ते गप्प राहिले. पण मन खात होते. भीती वाटत होती हे तर झालेच, त्याहून जास्त अपमान वाटत होता. आपल्यावाचून काही अडत नाही, हे प्रत्येक निवृत्त माणसाला आज ना उद्या कळते. पण आपल्यावाचून अडत नाही याचे कारण आपण तिथे आहोतच, असा प्रसंग कोणावर आला असेल? तो दुसरा कामाला जात होता. तो हसत होता. लोकांना तो पसंत होता. उद्या तो संध्याकाळी घरी येऊन यांच्याच खुर्चीत बसला, तर बायको तरी कशावरून ओळखणार होती?

म्हणून एका सकाळी त्यांनी पहारा करायचे ठरवले. अंधार असतानाच रजई पांघरून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले. बायको केस बांधत बाहेर आली आणि दचकली.

"हे काय, आज उठलात?"

"झोप नाही आली. तू नाही का जायची ताईकडे?"

"जाईन सावकाश," ती म्हणाली आणि कधी नव्हे ती पुन्हा आत जाऊन आडवी झाली.

भाऊसाहेब फाटकाकडे टक लावून बसले. धुके दाटले, मग पांढरे झाले, मग विरळ झाले. कडी वाजली नाही. कोणी खाकरले नाही. लांबवर गाडीची शिट्टी झाली आणि मग एकेका घरातून "अगं बाई!", "अरे देवा!", "मेलो!" असे आवाज येऊ लागले. गल्लीची गाडी पुन्हा चुकली होती.

संध्याकाळी मास्तरीणबाई फाटकातूनच ओरडल्या, "भाऊसाहेब, मनात येईल तेव्हा निघायचं, मनात येईल तेव्हा नाही, हा काय चावटपणा आहे?"

भाऊसाहेबांना आता सगळे उलगडले होते, आणि जे उलगडले त्याने अंगावर काटा आला होता. आपण झोपलो की तो निघतो. आपण जागे राहिलो तर तो निघत नाही. आपल्यातूनच निघतो तो! गल्लीच्या पोटापाण्यासाठी आता आपल्याला रोज झोपणे भाग आहे. या विचाराने त्यांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

पहाटे त्यांनी तोडगा काढला. रजईखाली लोड आडवा घातला, वर उशी ठेवली आणि लांबून बघितले. लोड त्यांच्याहून शांत झोपलेला दिसत होता. कोटाच्या ट्रंकेला हात लावायचे धाडस झाले नाही. थंडी तर मी म्हणत होती. खुंटीवरची बायकोची राखाडी शाल त्यांनी डोक्यावरून घट्ट लपेटली, मागच्या दाराने बाहेर पडले आणि गल्लीत विजेच्या खांबाआड जाऊन उभे राहिले.

धुक्यात त्यांना स्वतःचे पायही दिसत नव्हते. कुठेतरी एक कुत्रे भुंकायला लागले आणि मध्येच थांबले. मग त्यांच्याच घराच्या फाटकाची कडी वाजली.

तो बाहेर आला. घोट्यापर्यंतचा कोट, टोपी, मफलर, काखेत बॅग, हातात छत्री. त्याने घसा खाकरला. इतक्या जवळून ऐकल्यावर भाऊसाहेबांचाही घसा खवखवला, पण त्यांनी शालीचा बोळा तोंडात कोंबला. टकटक करत तो पुढे गेला. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. भाऊसाहेबांना ती दिसली आणि फार एकटी वाटली. इतकी वर्षे आपण असे जात होतो आणि आपल्याला कोणी सांगितले नाही, असे मनात येऊन त्यांना एकदम भरून आले.

तेवढ्यात दारे उघडली. मास्तरीणबाई जवळजवळ अंगावरच आदळल्या.

"अय्या वहिनी! तुम्ही इथं? भाऊसाहेब केव्हाच पुढं गेले. डबा विसरले का? पळा, पळा!"

भाऊसाहेबांनी शाल नाकावर ओढली आणि जमेल तितक्या बारीक आवाजात "हं" म्हटले. मास्तरीणबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना स्टेशनपर्यंत ओढत नेले. वाटेत त्या सांगत होत्या, "खरं सांगते वहिनी, नवरा घरी बसला की बाईची शिक्षा सुरू होते. तुमचे जातात ते एक बरं आहे." भाऊसाहेबांना हे चार लोकांत खोडून काढायची फार इच्छा झाली, पण पुन्हा "हं" म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

स्टेशनच्या फाटकावर तिकीट तपासनीस आडवा आला. भाऊसाहेबांनी शालीत चाचपून पाहिले. खिशात तिकीट नव्हते. शालीला खिसाच नव्हता.

"वहिनी, तुमचं काय तिकीट बघायचं! साहेबांच्या घरचं माणूस तुम्ही. जा, ते आत्ताच चढले."

जन्मात एक वजन इकडचे तिकडे होऊ न दिलेला तो माणूस बिनतिकीट गाडीत चढला, तोही बायकोच्या नावावर. गाडी हलली. डबे तुडवत ते पुढे गेले आणि एका खिडकीशी त्यांना तो कोट दिसला. समोरची जागा रिकामी होती. भाऊसाहेब तिथे बसले. वर बघायची हिंमत होईना म्हणून त्यांनी खाली बघितले.

कोटाच्या खाली पांढरे कॅनव्हासचे बूट होते. नाडीला दोन गाठी होत्या. नाडी सुटून बायको एकदा पडली होती, तेव्हापासून भाऊसाहेबच तिला दोन गाठी मारायला बजावत आले होते.

"अहो," मफलरातून आवाज आला, "माझी शाल का घेतलीत? धुवायला काढली होती ती."

"तू?" एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

"हळू बोला. शिंपी मागंच आहे." तिने त्यांच्या हातावर लिंबाची गोळी ठेवली. "चघळा. चावू नका, दात जाईल."

"पण... पण ताईचा पाय?"

"ठणठणीत आहे. तुम्ही काही विचारायला जाणार नाही, ते ठाऊक होतं मला." मग ती जरा ओशाळली. "मला नुसतं कोपऱ्यापर्यंतच यायचं होतं हो. मास्तरीणबाई तुमच्यावर चिडल्या ते मला बघवेना. म्हटलं, कोट घालावा, खाकरावं आणि परत यावं. पण मागं बघते तर सगळी गल्ली! मी थांबले की तेही थांबत होते. मग वळायचं कसं? आले स्टेशनपर्यंत. आणि मग म्हटलं, आलेच आहे तर बसून बघू. तुम्ही रोज येऊन सांगायचात ना, गाडीत काय हाल होतात ते? मला बघायचे होते ते हाल."

"मग?"

"छान आहेत की!"

गाडी धुक्यातून चालली होती आणि बाहेर खरोखर काहीच दिसत नव्हते. तरी ती बघत होती.

"जातेस कुठं?"

"कुठं नाही. शेवटच्या स्टेशनवर उतरते, बाकावर बसून एक चहा पिते, कोणाला देत नाही, कोणाला विचारत नाही. आणि परतीच्या गाडीनं येते. ती रिकामी असते. सगळा डबा माझा एकटीचा."

त्या दिवशी परतीच्या रिकाम्या डब्यात ते दोघेच होते. गाव जवळ आले तशी कुलूपबंद घरे एकेक करून सरकू लागली.

"घाबरला होतात?" तिने विचारले.

"छे." मग ते थोड्या वेळाने म्हणाले, "हो. मला वाटलं, मी गेलो आणि कोणाला पत्ताच नाही. गाडी तर वेळेवर चाललीय." बायको हसली, पण तिने त्यांचा हात हातात घेतला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

त्यांनी ठरवून टाकले. यापुढे फिरायचे तर दोघांनी, उन्हे आल्यावर, आपापल्या कपड्यांत. संध्याकाळी भाऊसाहेबांनी घरोघर जाऊन सांगितले, "उद्यापासून मी निघणार नाही. भोंगा बंद. ज्याने त्याने गजर लावावा." गल्लीने कुरकुर केली, पण लावला. कोट आता लपवायचे कारण उरले नव्हते. तो त्यांनी समोरच्या खुंटीवर टांगला, छत्री त्याच्याखाली टेकवली.

दुसऱ्या दिवशी धुके नेहमीपेक्षा दाट होते. दोघे चहाचे कप घेऊन समोरासमोर बसले होते. खुंटीवर कोट होता. खाली छत्री होती. कॅनव्हासचे बूट पलंगाखाली होते.

फाटकाची कडी वाजली.

घसा खाकरला. आधी लहान, मग मोठा आणि शेवटी एक उगाचच.

"निघालात, भाऊसाहेब?" समोरून मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, खरंच बंद!"

टकटक सुरू झाली. दारे उघडली. पावले वाजत वाजत लांब गेली आणि गल्ली रिकामी झाली. नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. दार उघडून बघावे असे दोघांपैकी कोणीच म्हणाले नाही.

"वेळेवर निघाला," भाऊसाहेब म्हणाले. खात्यातली सवय, दुसरे काय.

"डबा न घेताच गेला की हो," बायको म्हणाली. तिला खरेच वाईट वाटले होते. "दिवसभर उपाशी."

पुढच्या सकाळी तिने फळीवरचा डबा भरून फाटकाला टांगला. भाऊसाहेब नको नको म्हणत होते. कडी वाजली, खाकरणे झाले, टकटक गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा फाटकावर डबा नव्हता.

सांजवेळी गाडी आली, गल्ली घरी परतली, दिवे लागले. बायको फाटकाशी गेली आणि डबा घेऊन आली. तिने झाकण उघडले आणि ती जागच्या जागी थांबली.

"काय आहे?" भाऊसाहेबांनी विचारले. "काय आहे आत?"

"काही नाही," ती म्हणाली. तिने डबा दिव्याखाली धरला. आतून-बाहेरून लख्ख. "घासून आणलाय."

मग तिने त्या डब्याकडे पाहिले आणि त्यानंतर खुर्चीत बसलेल्या भाऊसाहेबांकडे पाहिले. पाहणे जरा लांबले.

भाऊसाहेब मुकाट्याने उठले, समोरचा उष्टा कप उचलला, तिचाही घेतला आणि बाह्या सारत मोरीकडे गेले.